पीव्हीसी न जाळता, कमी टेम्परेचरला कसं मारायचं : मशीनवर नवीन आलेल्यांसाठी

इंजेक्शन मशीनवर, म्हणजे गरम माल डायमध्ये (साच्यात) दाबून भरणाऱ्या मशीनवर, शॉर्ट शॉट आला, म्हणजे साचा अर्धवट भरला, की नवीन पोराचा पहिला हात कुठे जातो? टेम्परेचर कंट्रोलरवर. नोझल, म्हणजे माल बाहेर पडतो ते तोंड, १८० ला होता, १९० केला, माल भरला, पोरगा खूश, सुपरवायझर खूश, मग अर्ध्या तासाने स्प्रूत (नोझलसमोर डायमध्ये गोठणाऱ्या दांडीत) पिवळसर झाक, मग तपकिरी रेघ, मग काळे ठिपके आणि तो वास, नाकात गेला की डोळ्यातून पाणी काढणारा, आणि तिकडून आरोळी येते, "भाऊ, माल काया पडी गया!" (काळा पडला). जळगाव एमआयडीसीत हे मी इतक्यांदा बघितलंय की आता नवीन कोणी आलं तर पहिले आठ दिवस त्याला कंट्रोलरला हातच लावू देत नाही. रागावतात पोरं. रागावू देत.

आपल्याकडे प्लास्टिक म्हणजे चटई, ठिबक आणि पाइप. चटईवाला पोरगा पीपीवर शिकलेला असतो, ठिबकच्या नळीवाला पॉलिथिनवर, आणि ते दोन्ही माल समजूतदार, बॅरलमध्ये (स्क्रू फिरतो त्या गरम नळ्यात) पाच-दहा मिनिटं जास्त राहिले तरी रुसत नाहीत, टेम्परेचर दहा डिग्री वर-खाली झालं तरी चालवून घेतात. तोच पोरगा पीव्हीसीच्या मशीनवर आला की तीच सवय घेऊन येतो आणि तिथंच गाडी अडते. म्हणून एल्बो, टी, रिड्युसर, एंडकॅप असला कडक माल आणि हँडलच्या ग्रिपा, बुश असला मऊ माल, दोन्ही डोळ्यापुढं ठेवून हे लिहितोय. एकच गोष्ट डोक्यात ठेवून पुढं वाचा, पीव्हीसीचं टेम्परेचर हीटरच्या बटनावर कमी होत नाही, ते आधी मिक्सरमध्ये कमी होतं, मग स्क्रूवर, आणि हीटरचा नंबर सगळ्यात शेवटी.

आधी हे जळतं कशानं ते बघू. पीव्हीसीच्या वजनात साधारण ५७ टक्के क्लोरीन असतो, तापलं की साखळीतून हायड्रोजन आणि क्लोरीन जोडीनं सुटतात आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू तयार होतो, तो डोळे झोंबवणारा वास त्याचाच. आणि गंमत अशी की तो सुटलेला वायूच पुढची साखळी सोडवायला मदत करतो, बाजेची एक दोरी तुटली की कशी शेजारची सैल होते आणि बघता बघता अख्खी बाज खाली बसते, तसं. स्टॅबिलायझर नसेल तर हे १०० डिग्रीच्या थोडंसं पुढे गेल्यावरच सुरू होतं. स्टॅबिलायझर हे थांबवत नाही, फक्त वेळ विकत घेतो. तो वेळ तुम्ही मिक्सरमध्ये थोडा खर्च करता, बॅरलमध्ये थोडा, रनर (डायच्या वाटेत गोठलेला माल) दळून परत टाकला की अजून थोडा. संपला की संपला.

मग सरळ टेम्परेचर कमी करून मोकळं व्हायचं ना? नाही होत तसं. पीव्हीसी लोण्यासारखं एका आकड्याला वितळत नाही. रेझिनची पावडर हातात घ्या, एकेक दाणा साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा, आणि त्या दाण्याच्या आत मायक्रॉनभर आकाराचे बारीक कण गच्च बसलेले. उष्णता आणि रगड दोन्ही मिळून आधी दाणा फुटायला पाहिजे, मग ते कण एकमेकांत मुरायला पाहिजेत, याला आपल्या धंद्यात जेलेशन म्हणतात. ते अर्धवट झालं तर फिटिंग दिसायला चकाचक, पण आतून कच्ची. गोवऱ्यांवर बट्टी भाजताना जाळ मोठा ठेवला की वरून काळी आणि आतून पीठ, आणि जाळच नसेल तर दोन तास बसून पण पीठच. आपल्याला मंद निखारा पाहिजे. ही सगळी मारामारी त्या निखाऱ्याची आहे.

पहिलं काम : गोणीवरचा आकडा वाचा

रेझिनच्या गोणीवर के-व्हॅल्यू लिहिलेली असते. हा आकडा साखळी किती लांब आहे ते सांगतो. पाइप ओढायला के-६७ वापरतात, इंजेक्शन फिटिंगला के-५७ ते के-६०. साखळी लांब तेवढा माल दमदार पण हट्टी, आखूड तेवढा लवकर वाहणारा. पाइपवाल्या शेजाऱ्याकडून उरलेलं के-६७ स्वस्तात मिळालं म्हणून फिटिंगला लावलं की तुम्हाला टेम्परेचर चढवावंच लागणार, मग पुढचं काहीही वाचून उपयोग नाही. कमी टेम्परेचरची सगळ्यात मोठी बचत या एका आकड्यात आहे आणि ती मशीनला हात न लावता होते.

याहून खाली वितळणारं पीव्हीसी पण असतं, व्हिनाइल ॲसिटेट मिसळलेलं कोपॉलिमर. जुन्या एलपी रेकॉर्ड याच मालाच्या दाबलेल्या असायच्या, बारीक खाचेत सुद्धा माल बसला पाहिजे म्हणून. पण तो माल उन्हात आणि गरमीत लवकर नरम पडतो, आपल्या मे महिन्यात शेतात टाकायच्या फिटिंगला तो विचार पण करू नका. आणि सीपीव्हीसी वेगळं बरं का, नावात फक्त एक अक्षर जास्त, पण त्याला साध्या पीव्हीसीपेक्षा जास्त टेम्परेचर लागतं, त्याचा भंगार तुकडा आपल्या मालात आला तर तो न वितळता खड्यासारखा मध्ये बसतो.

दुसरं काम : घाणा

ज्यांनी अजून एकही घाणा (मिक्सरमध्ये एका वेळी मिसळायचा माल) टाकलेला नाही त्यांनी सुरुवातीला तयार दाणे विकत घ्या, किलोमागे पैसे जास्त जातील पण निदान चूक कुठं झाली ते कळेल. स्वतः मिक्स करायचं असेल तर हिशोब पीएचआरमध्ये असतो, म्हणजे १०० किलो रेझिनला बाकीचं किती किलो. कडक फिटिंगला सुरुवात करायला असं काहीतरी : के-५७ रेझिन १००, कॅल्शियम-झिंक वनपॅक (स्टॅबिलायझर आणि लुब्रिकंट एकत्र असलेलं) ३.५ ते ४.५, प्रोसेसिंग एड १.५, इम्पॅक्ट मॉडिफायर (माल ठिसूळ होऊ नये म्हणून) ४, कोटिंगवालं कॅल्शियम कार्बोनेट (हेच फिलर) ५, आणि रंग. वनपॅकवाल्याच्या शीटवर वेगळा आकडा असेल तर त्याचा ऐका, माझा नको.

यातलं प्रोसेसिंग एड हे लोक पैसे वाचवायला पहिले काढतात आणि मला त्याचंच वाईट वाटतं. हे ॲक्रिलिक असतं, दीड किलोच, पण ते दाण्यांना एकमेकांवर घासायला लावतं म्हणून माल लवकर मुरतो, म्हणजे त्याच टेम्परेचरला जास्त शिजतो. हे काढून टाकून नंतर १० डिग्री चढवणारे लोक मी बघितलेत, वाचवलेले पैसे काळ्या मालात जातात.

लुब्रिकंट दोन प्रकारचं. आतलं लुब्रिकंट साखळ्यांना एकमेकांवरून सरकायला मदत करतं, बाहेरचं लुब्रिकंट, म्हणजे पॅराफिन मेण किंवा पीई वॅक्स, मालाला लोखंडाला चिकटू देत नाही. धिरडं तव्याला चिकटू नये म्हणून तेल लावतो ना, नाही लावलं तर चिकटून जळतं, आणि वाटीभर ओतलं तर धिरडं नुसतं तव्यावर पळतं, भाजतच नाही. बाहेरचं लुब्रिकंट जास्त झालं की एग्झॅक्ट तेच होतं, माल स्क्रूवर घसरतो, रगड मिळत नाही, कच्चा राहतो, मग तुम्ही टेम्परेचर वाढवता. वनपॅकमध्ये दोन्ही मोजून टाकलेली असतात, वरून "थोडं मेण टाक रे" हे बंद करा.

मऊ मालाचं काम सोपं. त्यात डीओपी किंवा डीआयएनपी सारखं प्लास्टिसायझर, म्हणजे माल मऊ करणारं तेल, ४०-५० पीएचआर जातं आणि तेच टेम्परेचर २०-३० डिग्रीनं खाली आणतं. सोबत २-३ पीएचआर एपॉक्सी सोयाबीन तेल टाका, ते प्लास्टिसायझर पण आहे आणि स्टॅबिलायझरला हात पण देतं. स्वस्त पडतं म्हणून सीपीडब्ल्यू, म्हणजे क्लोरिनेटेड पॅराफिन, जास्त ढकलतात लोक, पण त्याच्यात स्वतःच क्लोरीन आहे आणि तापल्यावर ते पण ॲसिड सोडतं, मग जळकेपणा उलट लवकर येतो.

स्टॅबिलायझरबद्दल एक सांगायचंच आहे. जुने लोक शिशाच्या स्टॅबिलायझरवर शिकले. पाइप आणि फिटिंगमधलं शिसं काढायला केंद्र सरकारचे नियम २०२१ मध्ये आले आणि आता बहुतेक जण कॅल्शियम-झिंकवर आलेत, बरंच झालं. पण शिशाचा माल जळायच्या आधी सावकाश पिवळा पडायचा, इशारा द्यायचा. कॅल्शियम-झिंकमध्ये झिंक संपत आलं की त्यातून झिंक क्लोराइड बनतं आणि ते स्वतःच जळण्याला जोर देतं, म्हणून पांढरा माल एकदम काळा होतो, मधला पिवळा टप्पा बघायलाच मिळत नाही. त्यामुळं "पिवळं पडलं की बघू" ही जुनी सवय आता चालत नाही.

आणि काळं दिसलं म्हणजे जळलंच असं पण नाही. शिशाचा जुना भंगार आणि गंधकवाला टिन स्टॅबिलायझर एकत्र आले की लेड सल्फाइड बनून सगळा माल तपकिरी-काळा होतो, टेम्परेचर कितीही कमी असलं तरी. एकदा दोन दिवस मी हीटर, थर्मोकपल सगळं बदलत बसलो होतो आणि खोट निघाली भंगाराच्या गोणीत.

मिक्सर कसा चालवायचा : हॉट मिक्सरमध्ये रेझिन टाका, ६० डिग्रीच्या आसपास वनपॅक, ९०-१०० ला फिलर आणि रंग, ११५-१२० ला खाली कूलरमध्ये सोडा, तिथं ४५ च्या खाली आला की गोणीत. गरम माल गोणीत भरला की गोणीच्या मध्यभागी तासन् तास तापत राहतो आणि स्टॅबिलायझरचा वेळ तिथंच खर्च होतो, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. मऊ मालात तेल सावकाश, रेझिन ७०-८० ला आलं की, धार धरून. मग एक रात्र मुरू द्या.

तिसरं काम : मशीनमध्ये आधी काय चाललं होतं ते विचारा

हे मजेत घेऊ नका. त्या बॅरलमध्ये आधी ॲसिटल चाललं असेल, ज्याला पीओएम किंवा डेलरिन म्हणतात, गिअर, बुश वगैरे बनतात त्याचे, तर त्याच्यावर पीव्हीसी कधीच टाकायचं नाही, उलट पण नाही. पीव्हीसीतलं ॲसिड ॲसिटलला झटक्यात फोडतं, फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो, बॅरलमध्ये दाब चढतो आणि नोझलमधून गरम माल बंदुकीसारखा बाहेर येऊ शकतो. दोन्हीच्या मध्ये पॉलिथिन टाकून बॅरल पूर्ण साफ झाल्याशिवाय नाही, आणि शक्य असेल तर दोघांना एक मशीन द्यायचंच नाही. हॉपरमध्ये, लोडरच्या नळीत, ग्राइंडरमध्ये राहिलेले चार दाणे पण यात मोजा.

मग स्क्रू बघा. पीपीच्या स्क्रूच्या टोकाला चेक रिंग (माल मागे येऊ न देणारी) असते, कडक पीव्हीसी त्या रिंगच्या मागे अडकून बसतं आणि तिथंच जळून थोडं थोडं काळं सोडत राहतं. कडक मालाला साधी निमुळती टिप पाहिजे, काँप्रेशन (स्क्रू माल किती पट दाबतो ते) २ च्या आसपास, नोझल आखूड आणि भोक मोठं. शट-ऑफ, म्हणजे झडपवाला नोझल नको. बॅरल-स्क्रूला क्रोम असेल तर चांगलं, ॲसिड साध्या लोखंडाला खातं. डाय स्टेनलेसची किंवा प्लेटिंग केलेली.

चौथं काम : झोनचे आकडे

झोन म्हणजे बॅरलचा वेगळा हीटर असलेला एकेक टप्पा. कडक के-५७ साठी मी सुरुवात अशी करतो : हॉपरकडून १५०, १६०, १७०, नोझल १७५. मऊ मालाला १३५, १४५, १५५, नोझल १५५-१६०. हॉपरच्या गळ्याला पाणी चालू पाहिजे, नाहीतर पावडर तिथंच गोळा होऊन पूल बांधते आणि स्क्रू रिकामा फिरतो.

पण कंट्रोलरवरचा आकडा हा लोखंडाचा आहे, मालाचा नाही. मालाचं टेम्परेचर बघायचं तर इंजेक्शन युनिट मागे घ्या, पुठ्ठ्यावर हवेत एक शॉट काढा आणि लगेच सुईवाला पायरोमीटर त्या गोळ्यात खुपसून हलवत ठेवा, थांबलेली सुई थंड आकडा दाखवते. हातमोजे, चष्मा, आणि तोंड नोझलच्या समोर नाही, बाजूला. कंट्रोलर १७५ आणि गोळा १८८ असं निघालं तर घाबरू नका, ते १३ डिग्री स्क्रूच्या रगडीतून आलेत. कडक मालाचा गोळा १८० ते १९५ मध्ये पाहिजे, २०५ च्या वर गेला तर तुम्ही उधारीवर चालवताय. मऊ माल १५५ ते १७५.

आता एक बारीक गोष्ट, जी मला आमच्या आप्पांनी दाखवली, ते डाय सेटर होते, शाळा सातवीपर्यंत. मधल्या झोनचा सेट १६५ आणि आकडा १७२ दाखवत होता, मी सेट १६० केला, आकडा १७३. आप्पांनी मला मागच्या पॅनेलकडे नेलं आणि त्या झोनच्या ॲमीटरवर (हीटरला किती करंट जातो ते दाखवणारा) बोट ठेवलं. काटा शून्यावर. म्हणजे हीटर कधीचाच बंद होता, तरी आकडा वर चढत होता. "आता सांग, कोन तापवी राह्यनं?" मी गप्प. त्यांनी आरपीएम ८० वरून ५० केला आणि आम्ही दोघं चहा प्यायला गेलो, परत आलो तर १६६. तेव्हापासून मी पहिले ॲमीटर बघतो. हीटर बंद असून आकडा वर असेल तर सेट कमी करणं म्हणजे विझलेल्या चुलीवर पाणी मारणं.

पाचवं काम : स्क्रूचा वेग आणि बॅरलमधला वेळ

स्क्रूचा काठ किती वेगानं फिरतो ते मोजा. ५० मिलिमीटरचा स्क्रू ६० आरपीएमला फिरला तर त्याचा काठ सेकंदाला साधारण १६ सेंटिमीटर धावतो, कडक पीव्हीसीला याच्या आसपासच ठीक, २० च्या वर नको. स्क्रू मोठा तर आरपीएम अजून कमी. म्हणून मोठ्या मशीनवर गेलेला पोरगा "तिकडं ६० चालायचं" म्हणून इकडं पण ६० ठेवतो आणि जाळतो. बॅक प्रेशर (माल भरताना मागे येणाऱ्या स्क्रूवरचा दाब) गेजवर ५ बारच्या आसपास, गोळा गुळगुळीत यायला लागेल एवढंच. कूलिंगचा वेळ मोठा असेल तर चार्जिंग (पुढच्या शॉटचा माल भरणं) संथ करा, ते कूलिंग संपायच्या थोडं आधी संपलं पाहिजे, आधीच भरून तापत बसून काय करणार आहे तो माल.

वेळेचा हिशोब वहीवर करा, तोंडी नाही. समजा बॅरलमध्ये ४८० ग्रॅम माल मावतो. टी चा शॉट रनरसकट १२० ग्रॅम, सायकल (एका शॉटला लागणारा एकूण वेळ) ४० सेकंद. ४८० भागिले १२० म्हणजे ४ शॉट, गुणिले ४० म्हणजे १६० सेकंद, पावणेतीन मिनिटं, मस्त. आता त्याच मशीनवर ४० ग्रॅमचा एंडकॅप लावला, सायकल ३० सेकंद. १२ शॉट गुणिले ३० म्हणजे ३६० सेकंद, ६ मिनिटं. टेम्परेचर एक डिग्री पण बदललं नाही तरी एंडकॅप पिवळा येणार. पोरं म्हणतात टी च्या सेटिंगवर एंडकॅप का जळतो, हे त्याचं उत्तर. कडक माल ४-५ मिनिटांच्या आत बाहेर पडला पाहिजे, म्हणून शॉट मशीनच्या शॉट क्षमतेच्या (एका वेळी जास्तीत जास्त मारता येणारे ग्रॅम, बॅरलमध्ये मावणारे नाही) निम्म्याच्या वर, जमलं तर ७०-८० टक्के असेल असं मशीन निवडा. मशीनवर लिहिलेले ग्रॅम पॉलिस्टायरिनचे असतात, पीव्हीसी त्याच्याहून जड, हे पण धरा. नसेलच दुसरं मशीन तर झोन १० डिग्रीनं खाली घ्या आणि सायकल जितकी कापता येईल तितकी कापा.

सहावं काम : डाय

शॉर्ट शॉट आला तर आता पहिला हात कुठे? गेटकडे, म्हणजे माल फिटिंगच्या पोकळीत शिरतो त्या तोंडाकडे. कमी टेम्परेचरचा माल घट्ट असतो, त्याला मोठा गोल रनर आणि मोठा गेट लागतो. टाचणीएवढ्या गेटमधून घट्ट माल जोरात ढकलला की तो गेटमध्येच रगडून तापतो आणि फिटिंगवर गेटभोवती तपकिरी गोल उमटतो, बॅरल १६५ ला असून सुद्धा. मी हे केलंय, टेम्परेचर कमी करायच्या नादात इंजेक्शन स्पीड दुप्पट केला आणि बॅरलमधली आग गेटमध्ये नेली. सुरुवात संथ, मधे थोडं जोरात, शेवटी परत संथ. मग व्हेंट (डायमधून हवा निघायची फट) बघा, भरण्याच्या शेवटच्या कोपऱ्यात जळका ठिपका असेल तर तो अडकलेल्या हवेमुळं आहे, बॅरलमध्ये माल जळालेला नाही. मग प्रेशर. आणि हे सगळं करून झाल्यावर, तेव्हाच, ३-५ डिग्री चढवा, एका वेळी एकच झोन, आणि दहा शॉट थांबा.

डायचं पाणी ३०-४० डिग्री. इथं आपल्याकडची एक मजा सांगतो, सगळ्यांना वाटतं मे महिन्यात ४४ डिग्रीला कूलिंग टॉवर रडतो आणि पावसाळ्यात सुख. उलट आहे. मे मधली हवा कोरडीठाक, पाणी भराभर उडतं आणि टॉवर ते पंचविशीच्या आसपास आणू शकतो. जुलैत हवाच ओली, पाणी उडणार कुठं, टॉवरचं पाणी तिशीच्या खाली यायला नको म्हणतं. म्हणून सायकल पावसाळ्यात लांबते, आणि सायकल लांबली की बॅरलमधला वेळ वाढतो, आणि वेळ वाढला की... वरचा हिशोब परत वाचा. बोअरचं पाणी जड असेल तर डायच्या होलमध्ये क्षार बसतात, सहा महिन्यातून एकदा साफ करा. पावसाळ्यात फिलरवाला माल ओल धरतो, चांदीसारख्या रेघा आल्या तर ६० डिग्रीला तास-दोन तास सुकवून घ्या, टेम्परेचरला दोष देऊ नका.

सातवं काम : शिजलं का ते बघणं

टेम्परेचर कमी केल्याच्या आनंदात लोक हे विसरतात आणि मला यानेच सगळ्यात जास्त मार दिला. फिटिंग सुंदर होती, रंग दुधासारखा, पोत गुळगुळीत, मी खुशीत १६० वर चालवत होतो. आप्पांनी एक एल्बो उचलली, कमरेएवढ्या उंचीवरून सिमेंटच्या फरशीवर सोडली. खापर फुटावं तशी तीन तुकडे. तुटलेली कड वाकून पांढरी पडली नव्हती, सरळ काचेसारखी तुटली होती आणि आत बोट फिरवलं तर बारीक रवाळ. रात्रीच्या शिफ्टचा सगळा माल ग्राइंडरला.

फरशी ही पहिली टेस्ट. दुसरी ॲसिटोनची, पाइपला हीच टेस्ट २० मिनिटांची करतात. फिटिंगचा तुकडा कापा, काचेच्या भांड्यात कोरड्या ॲसिटोनमध्ये २० मिनिटं बुडवून ठेवा. नीट मुरलेला माल थोडा फुगतो, नरम पडतो, बास. कच्चा असेल तर पापुद्रे सुटतात, कडा चुरा होऊन तळाशी बसते. ॲसिटोन लगेच पेट घेतं, त्यामुळे मशीनपासून लांब, खिडकीपाशी, आणि विडीवाल्यांना बाहेर काढून. ग्राहकाला द्यायच्या मालाच्या प्रेशर टेस्ट वगैरे स्टँडर्डप्रमाणे वेगळ्या करायच्याच, ही फक्त तुमची स्वतःची, सेटिंग कुठपर्यंत खाली नेता येईल ते शोधायला. ३ डिग्री खाली, दहा शॉट, फरशी, ॲसिटोन. परत ३ डिग्री. जिथं पापुद्रा दिसला तिथून ५ डिग्री वर येऊन थांबा आणि तो आकडा डायच्या नंबरसोबत वहीत लिहा, दुसऱ्या डायला तो लागू नाही.

आठवं काम : लाइट गेली तर

दीपनगरला औष्णिक केंद्र, भुसावळ हाकेच्या अंतरावर, तरी आपली लाइट जातेच, आणि पीव्हीसीवाल्याला लाइट जाण्याएवढी दुसरी भीती नाही. स्क्रू थांबला पण बॅरलचं लोखंड तासभर गरम राहतं आणि माल आत शिजत बसतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसात, मे महिन्यातल्या दुपारी, लाइट ४० मिनिटं गेली होती, आल्याबरोबर मी झोन पूर्ण सेटवर टाकले आणि माल तापायची वाट बघत उभा राहिलो. वीस मिनिटांनी नोझलमधून धूर, मग फटाक्यासारखा आवाज आणि काळा गोळा समोरच्या गार्डवर. समोर कोणी नव्हतं म्हणून आज हे लिहितोय. तो स्क्रू काढून घासायला अख्खा दिवस गेला.

तेव्हा : लाइट गेली की लगेच हॉपरची झडप बंद, आणि हीटरचे स्विच हाताने बंद करा, म्हणजे लाइट आल्यावर आपोआप तापणार नाहीत. इंजेक्शन युनिट हाताच्या पंपाने वगैरे मागे घेता येत असेल तर घ्या. १० मिनिटात आली तर आधी हवेत चार-पाच शॉट काढून टाका आणि रंग बघा. अर्धा तास झाला असेल तर झोन आधी १४०-१५० पर्यंतच आणा, स्क्रू फिरेल एवढंच, आणि त्याच्यावर पर्ज काढा (आतला माल हवेत बाहेर काढून टाका), मग वर न्या. धूर किंवा तो वास आला तर हीटर बंद, सगळे नोझलच्या समोरून बाजूला, शटर आणि पंखे उघडे, आणि थंड होऊ द्या, जोर लावून स्क्रू ढकलायचा नाही. बाहेर काढलेला जळका गोळा पाण्याच्या बादलीत टाका, तो आतून बराच वेळ धुमसत राहतो, बादली दाराबाहेर.

शिफ्ट संपताना पण पीव्हीसी बॅरलमध्ये ठेवून घरी जायचं नाही. हॉपर बंद, बॅरल रिकामा करा, मग एलडीपीई किंवा एचडीपीई (दोन्ही पॉलिथिनच) टाकून नोझलमधून स्वच्छ येईपर्यंत काढत राहा, स्क्रू पुढे ठेवून हीटर बंद. डाय उघडी ठेवून जाऊ नका. ॲसिडचा पातळ थर पोकळीवर बसलेला असतो, रात्रभरात त्याच्यावर नारिंगी ठिपके उठतात आणि सकाळी ते प्रत्येक फिटिंगवर छापून येतात. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरड्या फडक्यानं, मग अँटी-रस्ट स्प्रे, मग डाय बंद. सकाळी पहिले दहा शॉट स्प्रेचे डाग घेऊन येतील, ते ग्राइंडरला टाकू नका, वेगळ्या गोणीत काढा.